जरा चाकू काढतो हं

इंदूर-पुणे गाडीनं रतलाम सोडलं की माझे वडील, नाना, पिशवीतून पेरू काढायचे. वर्तमानपत्राचं एक पान मांडीवर पसरायचे, जिरावणाची, म्हणजे आमच्या इंदुरी चटकदार मसाल्याची, पुडी उघडून बाजूला ठेवायचे आणि समोर बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचे, "जरा चाकू काढतो हं." समोरचा हिंदीवाला असला तर, "भाईसाहब, ज़रा चाकू निकाल रहा हूँ, जाम काटना है." (आमच्या माळव्यात बाजारातल्या पेरूला जाम म्हणतात. पुण्याच्या मावशीला हे शेवटपर्यंत पटलं नाही.) समोरचा माणूस गोंधळून मान हलवायचा. मग नाना सदऱ्याच्या खिशातून तो अडीच इंची चाकू काढायचे, पात्याच्या पाठीशी असलेल्या खाचेत अंगठ्याचं नख अडकवायचे आणि दोन्ही हातांनी हळूच उघडायचे.

मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पेरू तर कापायचा, त्यासाठी डब्यात दवंडी कशाला? एकदा मी तसं म्हटलंही. नाना म्हणाले, "अगं, त्याला काय माहीत मी काय कापणार आहे ते?"

हा चाकू आता माझ्या पर्समध्ये असतो. शिंगाची मूठ, पितळेचे दोन खिळे, साध्या पोलादाचं पातं. धार लावून लावून पातं इतकं झिजलंय की मिटल्यावर मुठीत थोडं खोल जाऊन बसतं. नानांनी तो सियागंजातून घेतला होता, मिलमध्ये नोकरीला लागले त्या वर्षी. गठाणींच्या सुतळ्या कापायला स्टोअरमध्ये चाकू लागायचा आणि मिलचा चाकू कधी जागेवर सापडायचा नाही, म्हणून स्वतःचा घेतला. नंतर सुतळ्या संपल्या, मिल संपली, चाकू राहिला. त्यानं आम्हा भावंडांच्या पेन्सिली तासल्या, आलेली पाकिटं उघडली, कडुनिंबाची दातणं कापली, बहिणीच्या लग्नात केळीचे खांब बांधायच्या दोऱ्या तोडल्या. माझ्या डाव्या तर्जनीवर एक पांढरी रेघ आहे, तीही त्याचीच. या जातीच्या चाकूला कुलूप नसतं. पाठीत एक पोलादी पट्टी असते, तीच पात्याला उघडं किंवा मिटलेलं धरून ठेवते. टोकानं काही खुपसायला गेलात तर पातं उलट फिरून तुमच्याच बोटावर मिटतं. मी नवव्या वर्षी नारळाचा डोळा फोडायला गेले होते. नानांनी हळद दाबली, पट्टी बांधली आणि म्हणाले, "हा कापायचा आहे, भोसकायचा नाही. तो स्वतःच सांगतो."

कापणं आणि भोसकणं यातला हा फरक एखादा चाकू स्वतः सांगतो आणि एखादा सांगत नाही, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. तेही भाच्यामुळे.

भाचा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आला, दार लोटून घेतलं आणि म्हणाला, "आत्या, तुझ्याकडे कसा नानाआजोबांचा चाकू असतो, तसा मीही घेतला." खिशातून काळी, चकचकीत मूठ काढली आणि अंगठ्यानं कुठंतरी दाबलं. खट्! चार इंचांचं पातं माझ्या नाकासमोर. मी पापणी मिटायच्या आत ते बाहेर आलं होतं.

खटकेदार चाकू. इंदुरात वाढलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. 'नईदुनिया' उघडला की शहराच्या पानावर एखाद्या चौकटीत तो असतोच: अमुक वस्तीत एक युवक खटकेदार चाकूसह पकडला. वर्षानुवर्षं ही बातमी मी पोह्यांबरोबर वाचत आले. तिच्यातला युवक माझ्या घरच्या सोफ्यावर बसेल असं कधी वाटलं नव्हतं.

"कशाला?" मी विचारलं.

"असाच. कूल दिसतो. आणि रात्री-बेरात्री यायचं असतं, सेफ्टीसाठी."

या 'सेफ्टीसाठी'वर मला बरंच बोलायचं होतं, कारण हाच सल्ला मला आयुष्यभर मिळत आलाय. बाईनं पर्समध्ये चाकू ठेवला की सगळ्यांना तो तसलाच वाटतो. ऑफिसात लाडूच्या खोक्याची दोरी कापायला मी नानांचा चाकू काढला की एखादी हटकून म्हणते, "बरं करतेस बाई, दिवस वाईट आहेत." मी दरवेळी सांगते की हा दोरीसाठी आहे. त्यांना ते माझं विनयशील उत्तर वाटतं. खरं तर अंगावर कुणी आला तर पर्सची चेन उघडून, चष्मा सावरून, खाचेत नख अडकवून दोन्ही हातांनी हा चाकू उघडेपर्यंत तो माणूस माझी पर्स घेऊन राजवाड्यापर्यंत पोचलेला असेल. आणि समजा उघडलाच, तरी चाकू चालवायला समोरच्याच्या हाताच्या अंतरात जावं लागतं. माझा हात त्याच्या हातापेक्षा दुबळा असेल तर दोन मिनिटांनी चाकू कुणाच्या हातात असेल? मला पळता येतं, ओरडता येतं, फोन करता येतो. ही तिन्ही कामं मोकळ्या हातांनी जास्त बरी होतात.

पण एकोणीस वर्षांच्या मुलाला आत्याचं तत्त्वज्ञान कुठं पचतं? म्हणून मी त्याला वकीलकाकांकडे नेलं. काका आमच्या रामबागेतलेच, पंचाहत्तरी उलटलेले. कोर्टात जाणं सोडलंय, पण व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून कायदा सांगायचं सुटलेलं नाही. भाच्यानं ऐटीत चाकू टेबलावर ठेवला. काकांनी त्याला हात लावला नाही. चष्म्यावरून बघत विचारलं, "हा इथपर्यंत आणलास कसा?"

"खिशातून."

"म्हणजे रस्त्यावरून, गुन्हा करत, माझ्याकडे सल्ला मागायला आलास."

मग मलाही दटावलं, "आणि तू बरोबर चालत आलीस!" मी गप्प. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतर काकांनी तास-दीड तास जे सांगितलं त्यातलं मला कळलं तेवढं लिहिते, कारण खिशात चाकू ठेवणाऱ्या बहुतेकांना यातलं काही माहीत नसतं. मलाही नव्हतं.

देशाचा शस्त्र कायदा 1959 चा. त्यात शस्त्र म्हणजे काय, तर हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवलेली किंवा तशी करून घेतलेली वस्तू. इथं काकांनी बोट वर केलं. "किंवा बचावासाठी! नीट ऐक. तू आत्ता म्हणालास ना, सेफ्टीसाठी? पोलिसासमोर हे म्हणालास तर तुझी वस्तू शस्त्र आहे हे तूच कबूल केलंस. सगळ्यांना वाटतं बचावासाठी म्हटलं की सुटलो. तिथंच अडकतात." निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू, अगदी साधी लाठी आणि हातातली काठीसुद्धा, या व्याख्येतून वगळल्या आहेत. मग नियम येतात, आधी 1962 चे, आता 2016 चे. त्यांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची हत्यारं परवान्याखाली येतात. घरकाम, शेती, प्रयोगशाळा आणि कारखान्यासाठी बनवलेली सोडून.

"मग माझा चारच इंची आहे," भाचा लगेच म्हणाला. मुलं हिशेबात हुशार.

"थांब. हे देशाचं झालं. तू मध्य प्रदेशात राहतोस."

मध्य प्रदेशात याच कायद्याच्या चौथ्या कलमाखाली 22 नोव्हेंबर 1974 ची एक अधिसूचना आहे. तिच्यानुसार सार्वजनिक जागी 6 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं धारदार हत्यार बाळगायचं नाही. आणि स्प्रिंगनं उघडणारा चाकू तर कोणत्याही मापाचा चालत नाही. भाचा आतून पट्टी आणायला उठत होता, तर काका म्हणाले, "बस. खटक्याला लांबी नसते."

मला हे वाक्य फार आवडलं. नाना गाडीत जे करायचे ते आणि कुणा सचिवानं 1974 साली कागदावर लिहिलं ते, दोन्ही एकाच जागी जाऊन पोचतं असं मला तिथं बसल्या बसल्या वाटलं. सहा इंच, दोन इंच ही मापं कुठंतरी रेघ मारायची म्हणून मारलेली असणार. पण खटक्याचं तसं नाही. खटकेदार चाकू समोरच्याला कळू न देता उघडतो, त्याच्यासाठीच तो बनवलेला असतो. पेरूला घाई नसते, सुतळी पळून जात नाही, पेन्सिल उलटून अंगावर येत नाही. पापणी लवायच्या आत उघडणाऱ्या पात्याची गरज पडावी असं घरातलं एकही काम मला आठवेना. स्वित्झर्लंडच्या सैन्याला कार्ल एल्सनरनं 1891 पासून जो प्रसिद्ध घडीचा चाकू पुरवला, त्यातसुद्धा पात्याच्या जोडीला डबा उघडायचं हत्यार, पेचकस आणि भोकं पाडायचा टोच्या होता. सैनिकाच्या खिशातला चाकूही डबे आणि स्क्रूंसाठी, लढाईसाठी बंदूक वेगळी.

मी माझी शंका विचारून घेतली. घरची विळी धार लावायला स्कूटरवरून नेते, तिचं पातं सहा इंचांना सहज ओलांडतं, मग? काका हसले. "विळी घेऊन दादागिरी करणारा मी अजून पाहिला नाही. पण फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून ने आणि सरळ धारवाल्याकडेच जा. बर्तन बाजारातून मोठी सुरी घेतलीस तर खोक्यातून काढू नकोस, बिल बरोबर ठेव, घरी जाऊन उघड. वाटेत सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला थांबलीस आणि सुरी पर्समधून डोकावत असली, तर तिथल्या शिपायानं घरगुती वापर कुठून वाचायचा?" म्हणजे वस्तू तीच असली तरी ती कुठं आहे, कशी ठेवली आहे, किती वाजले आहेत आणि विचारल्यावर तोंडातून काय निघतं, सगळं मोजलं जातं. शिवाय सणावारी, निवडणुकीत प्रतिबंधात्मक आदेश निघतात. पूर्वी ते 144 कलमाखाली निघायचे, 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 खाली. तेव्हा छोटासुद्धा घरीच ठेवावा, असं काकांचं मत.

सणावारी म्हटलं की मला अनंत चतुर्दशी आठवते. मिल कामगारांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर निघतात आणि त्यांच्या मागेपुढे आखाडे. लहानपणी नानांच्या खांद्यावर बसून मी जेल रोडला पट्टा फिरताना पाहिलाय, तलवारी पाहिल्यात, पेटते गोळे पाहिलेत. हजारो माणसं दोन बाजूंना आणि मधोमध लखलखती पाती. भीती वाटायची नाही. ढोल आधी यायचा ना! पातं दिसायच्या कितीतरी आधी गल्लीला कळलेलं असायचं की आखाडा येतोय. लोक आपण होऊन मागे सरायचे, उस्ताद शिट्टी मारून गोल मोठा करायचे.

चाकूशी आपलं नातं तसं जुनंच. माझे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते. त्यांचा बोरू तासायचा चाकू माझ्या लहानपणी देवघराच्या खणात होता, पातं बोटभरही नव्हतं. फारसीत अशा चाकूला कलमतराश म्हणतात, आणि इंग्रजांनीही खिशातल्या चाकूचं नाव लेखणीवरूनच ठेवलं, त्यांची लेखणी पिसाची एवढंच. बाळंतिणीच्या खोलीत आजी उशाखाली चाकू ठेवायची, दुष्ट स्वप्नं पडू नयेत म्हणून. तोच चाकू ग्रहणात गरोदर बाईच्या हातून काढून घ्यायची. खंडेनवमीला पाटावर विळी, कातर, अडकित्ता आणि नानांचा चाकू मांडला जायचा, हळदकुंकू लागायचं आणि त्या दिवशी कुणी काही चिरायचं नाही. मी भाच्याला काकांच्या व्हरांड्यातच म्हटलं, "याला हळदकुंकू लावायला तुझी हिंमत होईल का रे?" तो काही बोलला नाही. प्रश्न जरा नाटकीच होता, कबूल करते.

मग त्या खटकेदाराचं काय करायचं? परत खिशात घालून नेता येत नव्हता. काकांनी पेचकस मागवला, भाच्यालाच मूठ खोलायला लावली. दोन स्क्रू, एक बटण, एक गुंडाळलेली तार, एवढंच होतं आत. इतक्या ऐटीच्या वस्तूच्या पोटात इतकं कमी सामान पाहून तो जरा हिरमुसला. पातं पकडीत धरून, वर फडकं टाकून काकांनी दोन तुकडे केले. आणि मग आम्ही तिघंही खास इंदुरी पेचात सापडलो: आता हे कोणत्या डब्यात टाकायचं? इथं सकाळची गाडी येते तिला ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, सॅनिटरी आणि घरगुती घातक असे सहा कप्पे. चुकीच्या कप्प्यात टाकलं तर गाडीवरचा मुलगा सगळ्या गल्लीसमोर सुनावतो. भाचा म्हणाला धातू आहे, सुक्यात टाकू. मी म्हटलं घातक. काका आत गेले, औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा आणला, तुकडे त्यात गुंडाळले, टेप चिकटवली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'सावधान, धारदार वस्तू'. "उचलणाऱ्याचा हात असतो," म्हणाले. पुडा घातक कचऱ्यात गेला.

नाना एकदाच विमानात बसले, माझ्या धाकट्या बहिणीकडे जायला. मी आणि दादा विमानतळावर पोचवायला गेलो होतो. मी आधी चार वेळा बजावलं होतं की चाकू हातातल्या सामानात चालत नाही, मोठ्या बॅगेत ठेवा. त्यांनी मान हलवली आणि सवयीनं सदऱ्याच्या खिशात टाकला. तपासणीच्या रांगेत पोचल्यावर लक्षात आलं. दुसरा कुणी यंत्राच्या नजरेतून सुटतो का पाहिला असता. नाना थेट जवानासमोर जाऊन उभे राहिले आणि, त्यांनीच नंतर हसत सांगितलं, तेच वाक्य म्हणाले, "भाईसाहब, ज़रा चाकू निकाल रहा हूँ." जवानानं आधी हात वर करायला लावले, मग खिशातून स्वतः चाकू काढला, उघडून पाहिला आणि नानांच्या वयाकडे बघून त्यांना मागे पाठवलं. दादा अजून बाहेरच होता, चाकू त्याच्या हातात आला. शीख प्रवाशांच्या किरपाणाला मात्र देशांतर्गत विमानात मुभा आहे, पातं 6 इंचांपर्यंत आणि एकूण लांबी 9 इंचांपर्यंत. त्यांच्या किरपाणाचा तर संविधानाच्या 25 व्या कलमातच उल्लेख आहे. बाकीच्यांनी बॅगेत ठेवून बॅग सामानात सोडावी. मी विमानानं जायची असले तर आदल्या रात्रीच चाकू कपाटात ठेवते आणि पर्स उलटी करून झटकते. शेंगदाण्याची सालं, जुनी बिलं, एकदा हरवलेली कुडीसुद्धा निघाली.

मी चाकू कसा बाळगते, असं विचारलंत तर फार काही नाही. मिटलेला, फलालीनच्या पिशवीत. दर महिन्याला निसण्यावर चार हात फिरवते, कारण बोथट चाकूला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की तो निसटतो. गर्दीत काढत नाही. सिनेमाला, मॉलला, मिरवणुकीला नेत नाही. उघडा घेऊन चालत नाही, बोलता बोलता हातवारे करायची मला सवय आहे म्हणून बोलायच्या आधी मिटते. कुणी मागितला तर मिटूनच देते. आणि हो, काढायच्या आधी सांगते. ऑफिसातल्या नव्या मुली हसतात. हसू देत.

यंदा डिसेंबरात भाचा मित्रांबरोबर जानापावला निघाला होता, महूपर्यंत बसनं आणि पुढे डोंगर. आदल्या दिवशी आला आणि दारातच घुटमळला. "आत्या, तुझा चाकू नेऊ का? पेरू नेतोय." कशाला हे त्यानं मी विचारायच्या आधीच सांगितलं होतं. मी दिला. झोप मात्र धड लागली नाही.

परत आला तो चेहरा पाडून. "आत्या, खराब झाला गं." पातं निळंकाळं पडलं होतं. मी हसले. साध्या पोलादाला पेरूचा, आवळ्याचा रस लागला आणि लगेच पुसलं नाही की असंच होतं. स्टीलच्या चाकूवर वाढलेल्या पोराला कुठून ठाऊक असणार? वाटीत राख दिली, ओला बोळा दिला, म्हटलं घास. तो अंगणात पायरीवर बसून पात्याच्या पाठीकडून धारेकडे घासू लागला, नाना घासायचे तसा. मी शिकवलं नव्हतं.

"बसमध्ये कापलेस?"

"हो. शेजारी एक काका होते. त्यांना आधी सांगितलं, चाकू निकाल रहा हूँ."

"मग?"

"ते म्हणाले, निकालो बेटा, पण एक फाक हमको भी देना. दिली. मग म्हणाले, जीरावन नहीं है क्या?"

जिरावणाची पुडी द्यायला मीच विसरले होते.